अर्जात नसलेला रकाना : बेअराचे सलिव्हन शोधताना आलेला अनुभव

आयरिश मूळ शोधायला निघालेल्याला सगळीकडे एकच सल्ला मिळतो: नाव, आडनाव आणि जन्माचं साल हाती असलं की लागा कामाला. आडनाव सलिव्हन असेल तर या तीन गोष्टींवर एक पाऊलही पुढे पडत नाही. माझ्या सासरचं आडनाव सलिव्हन, घराणं अमेरिकेत मोंटानातल्या ब्यूटचं. मूळ पुरुषाबद्दल घरात इतकंच माहीत होतं की नाव डॅनियल, काम तांब्याच्या खाणीत आणि गाव ‘कॉर्क काउंटीत कुठंतरी’. एका अभिलेखागाराकडे रीतसर अर्ज केला, फी भरली, खूप वाट पाहिली. उत्तर काय, तर या नावाच्या नोंदी फार आहेत, अधिक तपशील द्या. आता त्या अर्जात रकाने तीनच: नाव, आडनाव, जन्मसाल. आयर्लंडच्या नैऋत्य टोकाच्या बेअरा द्वीपकल्पात ज्या एका तपशिलावर सलिव्हन ओळखला जातो, तो लिहायला जागाच नाही. याचा राग मला अजून आहे, कारण ती अडचण त्या कचेरीला माहीत नसेल असं होऊच शकत नाही.

सलिव्हन इतके का, हे आधी समजून घ्यावं लागतं. हे घराणं मुळात कॉर्क-केरीचं नव्हे. दक्षिण आयर्लंडातल्या मन्स्टर प्रांतावर राज्य करणाऱ्या ओगनाख्त कुळाची ही शाखा, आणि तिचं जुनं ठाणं टिपरेरीत, शूर नदीजवळच्या नॉकग्रॅफनच्या आसपास. (आडनावाच्या अर्थावरून वाद आहेत; शोधात त्यांचा काडीचा उपयोग नाही.) बाराव्या शतकाच्या अखेरीस अँग्लो-नॉर्मनांनी तो सुपीक मुलूख घेतला. ११९२ साली त्यांनी नॉकग्रॅफनला मातीचा उंच ढिगारा रचून त्यावर गढी बांधली, ती टेकडी आजही उभी आहे. सलिव्हन पश्चिमेला सरकले आणि केनमेअरच्या खाडीच्या दोन्ही अंगांना स्थिरावले. उत्तरेला डंकेरनचे ओ’सलिव्हन मोर, दक्षिणेला बेअरा द्वीपकल्पात डनबॉयचे ओ’सलिव्हन बेअर.

जून १६०२ मध्ये इंग्रजांपुढे डनबॉयचा किल्ला पडला. ३१ डिसेंबरला घराण्याचा प्रमुख डोनल कॅम ओ’सलिव्हन बेअर ग्लेनगॅरिफहून सुमारे हजार माणसं घेऊन उत्तरेला लीट्रिमकडे निघाला; पंधरवड्यानं तिथे पोचली ती ३५. घराण्याची सत्ता गेली, जमीन दुसऱ्यांच्या नावावर झाली, पण साधी कुळं डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत तशीच राहिली आणि तिथेच वाढली. रॉबर्ट मॅथेसन यांनी १८९० सालच्या जन्मनोंदींवरून आयरिश आडनावांचा अहवाल १८९४ मध्ये काढला. त्यात मर्फी आणि केली यांच्यापाठोपाठ सलिव्हन तिसरे आहेत, अंदाजे ४३,६०० माणसं, आणि त्यातली बहुतेक कॉर्क आणि केरी या दोन काउंट्यांत.

खरा अडथळा आडनावाचा नाही, आडनाव आणि पहिलं नाव दोन्ही तीच असण्याचा आहे. रूढी अशी की पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं. म्हणजे डॅनियल सलिव्हनचे पाच मुलगे असतील तर पाचही घरांत थोरला नातू डॅनियल, सगळे दहा-पंधरा वर्षांच्या अंतरात जन्मलेले आणि बऱ्याचदा एकाच टाउनलँडमध्ये. टाउनलँड म्हणजे जमिनीच्या नोंदीतला सगळ्यात लहान घटक, साधारण आपल्या वाडीएवढा. आपल्याकडे गावात वीस पाटील असले तरी मधे वडिलांचं नाव येतं आणि गोंधळ मिटतो. बेअरात कागदावर वडिलांचं नाव मधे येत नाही, म्हणून लोकांनी आपली सोय केली: प्रत्येक शाखेला वेगळं जोडनाव. सलिव्हन सीर, सलिव्हन बॉन, सलिव्हन राबाख. जिथे जोडनाव नाही तिथे बापाचं आणि आजाचं नाव मागे लावायचं. गावातल्या माणसाला ‘डॅनियल सलिव्हन’ विचारलंत तर तो तोंडाकडे बघत राहील. ‘सीरांचा’ म्हणालात तर घर दाखवील.

तेव्हा पहिलं काम हे जोडनाव शोधण्याचं. ते सापडतं कुठे?

सगळ्यात आधी ग्रिफिथच्या मूल्यांकनात. १८४७ ते १८६४ या काळात आयर्लंडभर जमीन आणि घरांवरच्या करासाठी ही मोजणी झाली आणि ती ऑनलाइन फुकट बघता येते. एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाची दोन कुळं आली की मोजणीदारानं नावापुढे कंसात काहीतरी लिहिलेलं असतं, कधी बापाचं नाव, कधी जोडनाव. सूचीत हा कंस अनेकदा गळतो. म्हणून सूचीवर थांबू नका, छापील पानाची प्रतिमा उघडा. पान असं वाचायचं: डावीकडच्या रकान्यात नकाशावरचा आकडा आणि त्यापुढे अक्षर. आकडा एकच आणि अक्षरं तीन-चार असतील तर ती जमीन त्या कुळांनी सामाईक धरलेली आहे, आणि ती कुळं बहुधा एकमेकांचे भाऊ किंवा चुलते. पुढे कुळाचं नाव, मग जमीन ज्याच्याकडून घेतली तो, मग एकर-रूड-पर्च या मापांत क्षेत्रफळ, मग जमिनीची आणि घराची वेगवेगळी आकारणी. जमीनमालकाच्या रकान्याकडे दुर्लक्ष करू नका. कोणत्या इस्टेटीचे कागद धुंडाळायचे ते तोच सांगतो.

या मोजणीच्या पुढच्या दुरुस्त्यांच्या वह्या तर माझ्या मते याहून मोलाच्या, आणि त्यांच्याकडे फार कमी लोक वळतात. कूळ बदललं की जुनं नाव काट मारून वर नवं नाव आणि समासात साल. दुरुस्तीच्या फेरीगणिक शाईचा रंग वेगळा, त्यामुळे कुठला बदल कधीचा हे रंगावरून लावता येतं. म्हणून रंगीत प्रतच बघा, काळ्या-पांढऱ्या प्रतीत सगळं एकमेकांत मिसळतं. बाप गेला आणि जमीन मुलाच्या नावावर झाली, ते साल मृत्यूच्या नोंदीशी जुळलं की शाखा पक्की. या वह्या पूर्वी मूल्यांकन कार्यालयाकडे होत्या. २०२३ पासून ते कार्यालय ‘टॉल्टे एरन’ या संस्थेत विलीन झालं आहे.

दुसरी जागा बाप्तिस्म्याच्या नोंदीतल्या धर्मपालकांची, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची हमी घेणाऱ्यांची. बहुतेक नोंदींत अशी दोन नावं असतात आणि ती बहुधा जवळच्याच नात्यातली असतात. दोन वेगवेगळ्या डॅनियलांच्या मुलांच्या नोंदी कागदावर मांडून फक्त धर्मपालकांची नावं बघा: एका घरी हॅरिंग्टन आणि शे येत राहतील, दुसऱ्या घरी मर्फी आणि लाउनी. चारपाच मुलांच्या नोंदी मांडल्या की दोन घरं आपोआप वेगळी पडतात. माझी गाठ इथेच सुटली आणि तो आनंद काय वर्णावा!

नोंदी शोधताना एक गोष्ट अनेकांना हमखास अडवते. बेअराचा बहुतेक भाग कॉर्क काउंटीत आहे, पण चर्चच्या रचनेत तो केरी धर्मप्रांतात येतो. चर्चच्या नोंदी शोधताना ‘कॉर्क’ निवडलंत तर कॅसलटाउनबेअर, आयरीज, अ‍ॅलिहीझ यांपैकी तिथलं एकही गाव सापडणार नाही. केरी धर्मप्रांताच्या नोंदींची सूची सरकारी वंशावळ-संकेतस्थळावर फुकट आहे, आणि राष्ट्रीय ग्रंथालयानं पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या भागाच्या) नोंदवह्यांच्या प्रतिमा साधारण १८८० पर्यंतच्या २०१५ मध्ये खुल्या केल्या.

पहिली नावंही एकरूप नसतात. जेरेमाया, डार्बी आणि डिअर्मिड हा एकच माणूस. तसेच टिमथी, थेडी आणि टाइग; यूजीन आणि ओएन; कॉर्नेलियस आणि कॉन; ऑनोरा आणि नोरा; जोहाना आणि हॅना. फ्लॉरेन्स हे त्या भागात पुरुषाचं नाव आहे. पाद्री नोंदवहीत लॅटिन रूप लिहायचा, जन्माच्या नोंदीत इंग्रजी यायचं, घरी तिसरंच चालायचं.

जनगणनेची आशा १९०१ च्या मागे धरू नका. ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या अभिलेखागारात झालेल्या स्फोटात आणि आगीत १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळजवळ संपूर्ण गेल्या, आणि १८६१ ते १८९१ च्या सरकारनं स्वतःच नष्ट केल्या होत्या. तरी जळालेल्या जनगणनेचे काही तुकडे वाचले आहेत. १९०९ च्या जानेवारीपासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन सुरू झालं आणि बहुतेकांकडे जन्माचा दाखला नव्हता, कारण सर्वांच्या जन्माची सक्तीची सरकारी नोंद १८६४ पासूनची. मग अर्ज करून १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत बालपणीचं घर शोधायला लावायचं. जनगणना जळाली, हे शोध-अर्ज राहिले. त्यात आईबापांची नावं आणि टाउनलँड असतं. याच पेन्शनमुळे १९०१ ते १९११ या दहा वर्षांत अनेक म्हातारी माणसं कागदावर पंधरा वर्षांनी मोठी झाली. वयाचा तेवढा फरक दिसला म्हणून माणूस वेगळा ठरवू नका. जन्मतारखेचंही तसंच. उशिरा नोंदवलं तर दंड असायचा, म्हणून तारीख पुढे ढकलून सांगत. बाप्तिस्मा जन्माच्या आधीचा दिसला तर बाप्तिस्म्याची तारीख खरी माना.

हे सगळं करण्याआधी खरं तर समुद्राच्या अलीकडचे, म्हणजे अमेरिकेतले, कागद संपवायचे असतात. टाउनलँड हाती आल्याशिवाय आयर्लंडच्या नोंदींना हात घालू नये. अमेरिकेत सप्टेंबर १९०६ नंतरच्या नागरिकत्वाच्या अर्जांत जन्मठिकाण येतं, १९०७ नंतरच्या जहाजांच्या याद्यांत जन्मठिकाण आणि मायदेशातल्या जवळच्या नातलगाचा पत्ता. मृत्यूच्या दाखल्यावर आईचं माहेरचं नाव असतं, आणि सलिव्हनांच्या बाबतीत ते नाव बापाच्या नावापेक्षा जास्त कामाचं. (आईही माहेरची सलिव्हन निघाली तर धर्मपालकांकडे वळा.) जुन्या जन्मसूचीत आईचं नाव नसतं, त्यामुळे प्रत्येक नोंदीची प्रतिमा उघडावी लागते, त्याला इलाज नाही. आपल्या माणसाच्या कागदांत गाव नसेल तर त्याच्या भावंडांचे मृत्युलेख काढा. कबरीच्या दगडांवरही गाव कोरलेलं सापडतं.

बाहेर गेलेले सलिव्हन कुठे गेले, हे शाखेवरून बरंचसं सांगता येतं, आणि उलटही. अ‍ॅलिहीझला १८१२ पासून तांब्याच्या खाणी होत्या. त्या मंदावल्या तशी माणसं मिशिगनच्या तांब्याच्या पट्ट्यात आणि तिथून ब्यूटला गेली. ब्यूटच्या आयरिशांवरच्या अभ्यासात आकडा आहे: १८७० ते १९१५ दरम्यान आयरीज पॅरिशमधून सुमारे १,७०० माणसं बाहेर पडली, त्यातली १,१३८ ब्यूटला पोचली. तेव्हा पूर्वज ब्यूटचा असेल तर आधी आयरीज, अ‍ॅलिहीझ, कॅसलटाउनबेअर. न्यूयॉर्कचा आणि १८५० च्या दशकातला असेल तर केनमेअर आणि टूओसिस्ट, कारण १८५१ च्या सुमारास लॅन्सडाउन इस्टेटीनं भाडं भरून आपली हजारो कुळं तिकडे पाठवली. तिथल्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेच्या खातेपुस्तकांत त्यांची गावं आहेत. बॉस्टनकडचे असतील तर ‘पायलट’ या वृत्तपत्रात १८३१ पासून येणाऱ्या हरवलेल्या आप्तांच्या जाहिराती वाचा, त्यात पॅरिशपर्यंतचा पत्ता मिळतो. १९४२ मध्ये ‘जूनो’ युद्धनौकेवर एकदम गेलेले आयोवाचे पाच सलिव्हन भाऊ ज्या घराण्यातले, ते अ‍ॅड्रिगोलजवळच्या ट्रॅफ्रास्कचं.

घराण्यातला एखादा सलिव्हन आयर्लंडच्या कागदांतून अचानक नाहीसा झाला तर लष्कर तपासा, आणि इथे आपल्या वाचकांच्या ओळखीची गावं येतात. पुणे, खडकी, देवळाली इथल्या छावण्यांत आयरिश शिपाई असत. जुनी बॉम्बे फ्युझिलियर्स तर १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स या आयरिश पलटणीची दुसरी बटालियन झाली. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, मुंबईची मालिका ‘एन/३’.

आडनावाआधीच्या ‘ओ’चं राहिलं. सतराव्या-अठराव्या शतकात तो गळाला आणि १८९३ मध्ये आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी गेलिक लीग स्थापन झाल्यानंतरच्या काळात परत लागू लागला. त्याआधी निघालेले म्हणून अमेरिकेत बहुतेक नुसते सलिव्हन, आणि मागे राहिलेल्यांची नातवंडं आज ओ’सलिव्हन. सख्ख्या भावांत एक असा, एक तसा हे सर्रास दिसतं. शोधताना ‘ओ’शिवाय, ‘ओ’नंतर मोकळी जागा ठेवून, वरचा स्वल्पविराम देऊन आणि सलग लिहून असं चारही प्रकारे बघा. १९११ च्या जनगणनेचा अर्ज काही घरांनी आयरिश भाषेत भरला. तिथे बाप आणि मुलगे ‘ओ सूलेवान’, मुलगी ‘नी हूलेवान’ आणि बायको ‘ई हूलेवान’. इंग्रजी स्पेलिंग टाकून अशी घरं निघत नाहीत, आयरिश स्पेलिंगची तिन्ही रूपं वेगवेगळी टाकावी लागतात.