शेवटचा गडी येईपर्यंत

जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी आमच्या क्लबची जुनी-नवी मंडळी बेळगावात मैदानावर जमते. गेटपाशी मोठं पातेलं, शेजारी कांदेपोहे, आणि साडेबारा फेऱ्यांची शर्यत. सर जाऊन सहा वर्षं झाली, तरी आदल्या संध्याकाळी फक्की मारताना त्यांचाच आवाज कानात असतो. "रेघेवर टेप ठेवू नका रे, 20 सेंटिमीटर बाहेरून मोजा!" आतल्या बाजूला कठडा नसलेल्या मैदानावर फेरी तशीच मोजतात. गडी काही रेघेवर पाय देऊन पळत नाही, हे त्यांनी आम्हाला आठवीत शिकवलं.

सर स्वतः 10,000 मीटर पळायचे. विद्यापीठाकडून, मातीवर, बरेचदा अनवाणी. आपल्या वेळा त्यांनी कधी सांगितल्या नाहीत. सांगायचे ते फडेप्पा चौगुल्यांबद्दल. आपल्या बेळगावचा माणूस 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळाला आणि 2 तास 50 मिनिटं 45.4 सेकंदांत एकोणिसावा आला. ते अंतरही 42.75 किलोमीटर होतं, आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त. ऑलिंपिकमध्ये इतकी लांब मॅरेथॉन पुन्हा झाली नाही. दरवर्षी शर्यतीआधी हे सांगताना सरांचा गळा दाटून यायचा, आणि मेळाव्याला पहिल्यांदाच आलेलं पोर हटकून विचारायचं, "सर, एकोणिसावा म्हणजे हरलाच ना?" सर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "आधी साडेबारा फेऱ्या पळून ये, मग बोलू."

मला मात्र सर्वांत जास्त आठवतो तो चहा. पहिला नंबर आला, टाळ्या झाल्या, पोरं घामाने निथळत पातेल्याभोवती उभी, तरी चहा गाळायचा नाही. शेवटचा गडी रेघ ओलांडेपर्यंत सर घड्याळ हातात धरून उभे, आणि त्याची प्रत्येक फेरी मोठ्याने सांगत. "दोन मिनिटं दहा! छान! खांदे सोड!" पहिला कप त्याला. 1989 साली तो कप मला मिळाला होता. मी रडत आलो होतो. आलं जास्त झालेला तो चहा अजून जिभेवर आहे. पुढे मी जिल्ह्याला पळालो, एक-दोन पदकंही आली. ती आता कुठल्या पेटीत आहेत, शोधावं लागेल.

यंदा शेवटी आला आमच्याच तुकडीतला एक मित्र. दोन वर्षांपूर्वी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. नवव्या फेरीपासून तो चालतच होता. बारकी पोरं त्याच्या बाजूने चालत त्याच्या फेऱ्या ओरडून सांगत होती, ज्यांनी सरांना पाहिलंही नाही अशी पोरं. इकडे चहा आटत चालला. सरांच्या सूनबाईंनी दुसऱ्यांदा पाणी घातलं, साखर घातली, गॅस बारीक केला. कपांचा ट्रे तसाच पालथा होता.