भर उन्हात स्क्रीन वाचता यावी म्हणून केलेला खटाटोप – माझा अनुभव

माझ्या कामाचा बराच भाग उघड्यावर जातो. झाडांच्या नोंदी घ्यायच्या, मोजमापं तिथल्या तिथे शीटमध्ये भरायची, फोटोंना नावं द्यायची. कागदावर लिहून घरी आल्यावर परत टाइप करायचं म्हणजे डबल काम, आणि त्यात आकडे इकडचे तिकडे होतात ते वेगळंच, म्हणून लॅपटॉप बाहेर न्यायचाच हे पक्कं होतं. पण बाहेर उघडला की स्क्रीनवर दिसणार काय तर आपलाच चेहरा आणि मागचं आभाळ, कर्सर कुठंय ते सुद्धा सापडायचं नाही. यातून मार्ग काढायला बराच वेळ गेला म्हणून सविस्तर लिहितोय, कोणाला तरी उपयोग होईल.

आधी सेटिंग्ज. ब्राइटनेस फुल करायचा हे कोणीही सांगतं, पण कितीतरी लॅपटॉप बॅटरीवर आले की गुपचूप उजेड कमी करतात, आणि स्क्रीनवर काय चाललंय ते बघून उजेड कमीजास्त करणारंही एक सेटिंग असतं. दोन्ही बंद करा, लगेच थोडा फरक पडतो. डार्क मोड बाहेर अजिबात नको. काळ्या बॅकग्राउंडवर सगळं प्रतिबिंब उमटतं, त्यामुळे पांढऱ्यावर काळी अक्षरं, फॉन्ट मोठा आणि जाड, कर्सर मोठा. एवढं केल्यावर सावलीत काम जमायला लागलं, उन्हात मात्र नाही.

का नाही ते आकड्यांवरून समजलं. स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात. साध्या लॅपटॉपला २५० ते ३०० निट्स असतात आणि ऑफिसात तेवढे पुरतात, कारण तिथला उजेड ३०० ते ५०० लक्स असतो (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप). बाहेर भर दुपारी हाच आकडा १ लाख लक्सच्या आसपास जातो. आता बघा, तुम्ही पांढरा शर्ट घालून उन्हात बसलाय. तो शर्ट साधारण २५,००० निट्सने चमकतो. चकचकीत काच समोरून आलेल्या उजेडातला ४ टक्के परत फेकते, म्हणजे शर्टाचंच प्रतिबिंब १००० निट्सचं झालं आणि तुमची स्क्रीन ३०० ची. हे १००० स्क्रीनवरच्या पांढऱ्यातही मिसळतात आणि काळ्यातही, त्यामुळे पांढरं १३०० आणि काळं १०००, मग अक्षर दिसणार कसं? तोच शर्ट गडद काळा असेल तर प्रतिबिंब ६०-७० निट्सवर येतं आणि अक्षरं चक्क वाचता येतात. एक रुपया खर्च न करता मला सगळ्यात जास्त फायदा यातूनच झाला. गडद रंगाचा फुल शर्ट घालायचा आणि बसताना पाठीमागे काय आहे ते बघायचं. पाठीमागे दाट झाडी किंवा सावलीतली भिंत असेल तर उत्तम, मोकळं आभाळ नको, आणि पांढरा ढग असेल तर निळ्या आभाळापेक्षाही त्रास. स्क्रीन जरा पुढे झुकवली की आभाळाऐवजी जमिनीकडचं प्रतिबिंब येतं, त्यानेही फरक पडतो.

मग स्क्रीनवर मॅट, म्हणजे चकाकी नसलेली, फिल्म लावून पाहिली. आरशासारखं प्रतिबिंब गेलं खरं, पण मॅट पृष्ठभाग उजेड शोषत नाही, विखुरतो. सरळ ऊन स्क्रीनवर पडलं आणि त्यातला जेमतेम १ टक्का जरी डोळ्यांकडे आला तरी ३०० निट्सच्या वर जातो, म्हणजे अख्ख्या स्क्रीनवर धुकं पसरल्यासारखं दिसतं. सावलीत फिल्म छान चालते, उन्हात नाही. अँटी-रिफ्लेक्टिव्ह कोटिंग ही वेगळी गोष्ट आहे, ते प्रतिबिंबच कमी करतं, पण ते कारखान्यातूनच लावून आलेलं चांगलं. काच आणि पॅनलमधली हवेची फट भरून टाकलेले डिस्प्लेही उन्हात सरस ठरतात, कारण परत फेकणारे पृष्ठभाग कमी होतात.

गॉगलचं पण सांगून ठेवतो. पोलराइज्ड गॉगल (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड आत सोडणारा) लावला तर काही स्क्रीन एका ठराविक कोनात जवळजवळ काळ्या दिसतात, कारण एलसीडीतून येणारा उजेडच पोलराइज्ड असतो. मान तिरकी केल्यावर दिसायला लागलं तर दोष गॉगलचा, स्क्रीन ठीक आहे. साधा गॉगल घ्या, किंवा काम करताना टोपी घाला, टोपीच्या कडेने डोळ्यांना मोठा आराम मिळतो.

यानंतर जास्त निट्सवाला लॅपटॉप घ्यावा का हा प्रश्न आला. २५० वरून ५०० झाले म्हणून डोळ्याला दुप्पट दिसत नाही, फरक जाणवतो पण थोडाच. ओळखीच्या एकाकडे २०२४ चा मॅकबुक प्रो होता, त्यात बाहेरच्या उन्हात साध्या मजकुरालाही १००० निट्सपर्यंत उजेड मिळतो, आणि हवी तर नॅनो-टेक्स्चर काच, म्हणजे चकाकी कमी करणारी मॅट काच, निवडता येते. त्यावर रंग, नकाशे, फोटो सगळं दिसलं आणि ते बघून खरंच आनंद झाला. फील्डवर वापरायचे दणकट लॅपटॉप येतात त्यांच्याही काही मॉडेल्सचा उजेड १००० च्या पुढे असतो. पण एवढा उजेड म्हणजे बॅटरी भराभर उतरते, त्यात वरून ऊन, मशीन तापलं की ते स्वतःच उजेड कमी करतं, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच. दिवसभर उन्हात बसणाऱ्या माणसाचं यात भागत नाही.

म्हणून मग उलट्या दिशेने विचार केला की उन्हाशी स्पर्धा करायचीच कशाला, उन्हाचाच उजेड वापरणारी स्क्रीन का नको. ही कल्पना नवी नाही. २००७ मध्ये शाळकरी मुलांसाठी आलेल्या ओएलपीसी एक्सओ-१ लॅपटॉपचा डिस्प्ले मेरी लू जेप्सन यांनी असाच केला होता, बॅकलाइट बंद केला की उन्हात १२०० बाय ९०० ची स्वच्छ काळीपांढरी स्क्रीन मिळायची. त्यांनीच पुढे २००८ मध्ये पिक्सेल ची कंपनी काढली, ती याच प्रकारचे पॅनल बनवायची. एवढी चांगली गोष्ट साध्या लॅपटॉपमध्ये कधी रुळली नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०२४ मध्ये डेलाइट डीसी-१ नावाचा टॅबलेट आला त्यात रिफ्लेक्टिव्ह एलसीडी, म्हणजे बाहेरचाच उजेड परत फेकून दिसणारी स्क्रीन, आहे, म्हणजे विचार अजून जिवंत आहे.

मला लॅपटॉपच हवा होता म्हणून शेवटी १३.३ इंची ई-इंक मॉनिटर (ई-बुक रीडरमध्ये असते तशी, बाहेरच्या उजेडावर दिसणारी कागदासारखी स्क्रीन) घेतला आणि जुन्याच लॅपटॉपला यूएसबी-सी केबलने जोडला. पहिल्यांदा उन्हात ठेवला आणि शीटमधला आकडा न आकडा छापलेल्या कागदासारखा दिसला, ऊन वाढेल तसं जास्तच स्पष्ट! मर्यादा आहेत. स्क्रोल केलं की आधीच्या ओळींची पुसट सावली मागे राहते, व्हिडिओ बघण्यात अर्थ नाही, माउस जरा मागून येतो. त्यावर मी एवढं केलंय: सगळी अ‍ॅनिमेशन बंद, स्क्रोलऐवजी पेज डाउन, शीटमधले रंगीत रकाने काढून त्याजागी जाड रेघा, आणि मॉनिटरवरचं रिफ्रेशचं बटण अधूनमधून दाबायचं. टाइप करायला जलद मोड ठेवतो, वाचायला स्पष्ट अक्षरांचा. लॅपटॉपचं झाकण लावून मॉनिटर आणि वेगळा कीबोर्ड घेऊन बसलं की बॅटरीही जास्त पुरते, फक्त झाकण लावल्यावर मशीन झोपणार नाही असं सेटिंग करावं लागतं. लॅपटॉप मात्र सावलीत, पिशवीखाली वगैरे न दाबता, हवा लागेल असा ठेवायचा.

फोटो आणि रंगीत नकाशे अजून सावलीतच बघावे लागतात, त्याला इलाज नाही. ज्यांचं काम मुख्यतः मजकूर आणि आकड्यांचं आहे त्यांनी ई-इंक नक्की बघावं, ज्यांना रंग लागतात त्यांनी १००० निट्स आणि चांगलं कोटिंग असलेली स्क्रीन बघावी. आणि काहीही घ्यायच्या आधी ते यंत्र बाहेर नेऊन बघायला मिळतंय का ते विचारा, दुकानातल्या दिव्याखाली सगळ्या स्क्रीन छानच दिसतात. बाहेर नेता आलं नाही तर निदान स्क्रीन बंद करून तिच्यात आपलं प्रतिबिंब किती ठसठशीत दिसतं ते बघा, जितकं पुसट आणि गडद तितकं चांगलं.