डीएनडीतल्या तलवारी: वजन बरोबर, लांबी गायब

डीएनडी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिकाखेळाचा शस्त्रांचा तक्ता उघडला की इतिहासवाले आधी वजनावर घसरतात: तलवारी फार जड दाखवल्यात म्हणे. सध्याच्या पाचव्या आवृत्तीपुरता हा आक्षेप फारसा टिकत नाही. लाँगसोर्ड (एका किंवा दोन हातांनी पेलायची लांब तलवार) ३ पौंडांची, म्हणजे साधारण १.४ किलो, चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या तशा युरोपीय तलवारी १.१ ते १.८ किलोच्याच भरतात. ग्रेटसोर्ड ६ पौंड, म्हणजे २.७ किलो, जर्मन दुहाती तलवारीला हे वजन शोभतं. खरा घोळ १९७८ च्या ॲडव्हान्स्ड डीएनडीत होता. तिथे दुहाती तलवार २५० नाणी वजनाची आणि पौंडाला दहा नाणी, म्हणजे अकरा किलोंच्या वर! त्या आकड्यात बाळगण्याची अडचणही धरली होती हे खरं, पण ते लक्षात कोण ठेवतो?

आजच्या तक्त्यात उलटं वजन पडलंय ते एकाच जोडीचं: रेपियर (भोसकायची लांब, सडपातळ तलवार) २ पौंड, सिमिटर (वक्र तलवार) ३. खरी रेपियर १ ते १.३ किलोची असते, पातं मीटरभर किंवा जास्त, वर बोटांभोवती कड्यांची जाळी. सिमिटरच्या जातीची भारतीय वक्र तलवार किंवा इराणी शमशीर सहसा तिच्यापेक्षा हलकीच. हे दोन आकडे अदलाबदल करून टाका, खेळात काही बिघडत नाही.

बिघडतं ते लांबीत. पाच फुटांच्या चौकोनात डॅगर आणि रेपियर दोन्हींची पोच सारखीच. प्रत्यक्षात रेपियरचं सगळं कौशल्य समोरच्याला अंतरावर रोखण्यात आहे. आखूड शस्त्रवाल्याला आत शिरण्याचीच किंमत मोजावी लागते. यावर घरचा नियम असा: डॅगर किंवा शॉर्टसोर्डवाला शत्रू लढाईत पहिल्यांदा रेपियरच्या टप्प्यात आला की रेपियरवाल्याला रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करायची कृती) खर्चून एक वार करता येईल. त्याच शत्रूवर त्याच लढाईत पुन्हा नाही. आणि या वारावर रोगचा (Rogue, चोरट्या पात्राचा) स्नीक अटॅक, म्हणजे संधी साधून जास्तीचं डॅमेज, चालणार नाही, हे आधीच सांगून ठेवा. स्नीक अटॅक 'राउंडला एकदा' (सगळ्यांची एकेक पाळी) नसून 'टर्नला एकदा' (एकाची पाळी) असतो. दुसऱ्याच्या टर्नमध्ये फुकटचा वार मिळाला की रोग एकाच राउंडमध्ये दोनदा मूठभर फासे टाकायला लागतो आणि बाकीचे बघत बसतात.

आता लाँगसोर्ड. डॅमेज १डी८ (आठ बाजूंचा एक फासा), दोन हातांनी १डी१०, आणि फक्त स्लॅशिंग, म्हणजे कापणारं. चिलखतावर पात्याचा घाव घालून उपयोग नसतो, हे त्या काळच्या तलवारबाजांना पक्कं ठाऊक होतं. पंधराव्या शतकातल्या हस्तलिखितांतली चित्रं बघा: डावा हात थेट पात्याच्या मध्यावर, तलवार आखूड भाल्यासारखी धरलेली आणि टोक काखेत किंवा शिरस्त्राणाच्या फटीत. हे खेळात आणायचं तर दोन हातांच्या वाराला एक पर्याय द्या: डॅमेज १डी८ पिअर्सिंग, म्हणजे भोसकणारं, आणि समोरच्याने हेवी आर्मर घातलं असेल तर हल्ल्याला +२.

हिशेब करून पाहू. हल्ल्याला +५, डॅमेजला +३, समोर पोलादी प्लेट चिलखतवाला, एसी १८ (वार लागायला वीस बाजूंच्या फाशाची बेरीज निदान एवढी हवी). नेहमीचा वार ४० टक्के वेळा लागतो, सरासरी ८.५, म्हणजे हल्ल्यामागे ३.४. पातं धरून ५० टक्के, सरासरी ७.५, म्हणजे ३.७५. फायदा थोडा, पण आहे. एसी १४ च्या लेदरवाल्यावर मात्र ५.१ विरुद्ध ४.५, म्हणजे तोटाच, आणि तसाच हवा. डॅमेज १डी१० ठेवून +२ दिलंत तर साधा वार कोणी करणारच नाही. हा नियम अंगावर घातलेल्या चिलखतालाच लावा. ड्रॅगनच्या खवल्यांना लावलात की एसी सांभाळून रचलेल्या लढती ढेपाळतात. दर शस्त्राला दर चिलखतासाठी वेगळा आकडा हा प्रयोग १९७८ च्या तक्त्याने करून पाहिलाच होता. बऱ्याच टेबलांवर तो सरळ गाळला जायचा, कारण प्रत्येक फाशाला तक्ता बघत कोण बसणार.

ग्रेटसोर्डला दहा फुटांची पोच द्यायचा मोह टाळा. २डी६ ची सरासरी ७, ग्लेव्हच्या (दहा फूट पोचेचं, लांब दांड्यावरचं पातं) १डी१० ची ५.५, पोचही दिलीत तर ग्लेव्ह कोण घेईल? दुहाती तलवार सतत फिरवून अरुंद जागेत अनेकांना लांब ठेवणं हे तिचं खरं काम. २०२४ च्या नियमांतली ग्रेझ, म्हणजे वार चुकला तरी थोडं डॅमेज, त्याच्या बरीच जवळ जाते. तेवढं पुरे. शॉर्टसोर्ड फक्त पिअर्सिंग का, हे मला अजून पटलेलं नाही. रोमन ग्लॅडियस कापायचीही. स्लॅशिंगचा पर्याय देऊन मोकळे व्हा.

मराठी टेबलावर फिरंग आणि दांडपट्टा यांची मागणी होतेच. फिरंग सोपी आहे: युरोपातून आलेलं सरळ लांब पातं, देशी मूठ, आणि बऱ्याच फिरंगांच्या मुठीला मागे निघालेला गज, ज्यावर दुसरा हात टेकवता येतो. लाँगसोर्डचेच आकडे जसेच्या तसे वापरा.

दांडपट्ट्यात हात कोपरापर्यंतच्या लोखंडी खोळीत जातो, आतली आडवी दांडी मुठीत येते आणि मनगट जखडतं. वार खांद्यातून आणि अंग फिरवून निघतो, पायांच्या चपळाईवर सगळं अवलंबून, म्हणून फिनेस द्या, म्हणजे ताकदीऐवजी चपळाईवर वार करता येईल. डॅमेज १डी८ स्लॅशिंग, लाइट (दोन हातांत दोन घेण्याइतकं हलकं) नाही. हातातून तो पाडता येत नाही आणि घालायला किंवा काढायला पूर्ण ॲक्शन लागते. त्या हाताने औषधाची बाटली उघडणं, दोर धरणं, मंत्राच्या मुद्रा करणं बंद. मर्दानी खेळात दोन्ही हातांत पट्टे असतात, हे खेळाडू तुम्हाला सांगणारच. तेव्हा २०१४ च्या नियमांतली ड्युअल वील्डर फीट (लाइट नसलेली शस्त्रंही दोन्ही हातांत चालवू देणारं खास कौशल्य) घ्यायला लावा, आणि दोन्ही हात अडकलेले असताना दाराची कडी कोण काढणार तेही विचारा.