निळी ताडपत्री

रविवार, रात्री

दोन्ही तळहात सोलवटलेत. पोळ्या लाटताना झोंबत होते. दोष घोडीचा नाही.

सकाळी कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडीला पागेतून मैदानावर न्यायचं होतं. नुसतं चालवत, खोगीरसुद्धा नाही. वाटेत कडब्याच्या गंजीवर निळी ताडपत्री, तिचं एक टोक वाऱ्यावर फडफडत होतं. घोडी थबकली. मान ताठ, कान टवकारलेले, नाकपुड्या फुगलेल्या. मी दोर ओढला, तिनं मागे जोर दिला. मी आणखी ओढला. ४०० किलोंच्या जनावराशी रस्सीखेच! त्यातून मी उभी होते ती बरोबर तिच्या कपाळासमोर. घोड्याचे डोळे बाजूंना, त्यामुळे तेवढी जागा सोडून तिला जवळजवळ चहूकडचं दिसतं. पाच मिनिटांत मी घामाघूम, ती जागच्या जागी.

घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार मामा दाण्याचा तोबरा भरता भरता बघत होते. "ताई, तुम्ही ओढताय म्हणून ती ओढतीय. बाजूला या. दोराला जरासा ताण धरा आन् पाय उचलला रे उचलला की सोडा."

हे मला तोंडपाठ आहे. घोडं दाबानं शिकत नाही, दाब सुटतो तेव्हा शिकतं, आणि तो लगेच सुटावा लागतो. पण हात ऐकेनात. तिनं वीतभर पाऊल टाकलं की वाटायचं, आता येतेय, अजून थोडं. आणि मी पुन्हा ओढायची. म्हणजे ऐकल्याबद्दल तिला मिळालं काय, तर आणखी ओढाताण. (लेकीचा अभ्यास घेताना माझं हेच होतं. तो विषय इथे नको.)

सुरुवातीला मी हिची 'म्होरकी' व्हायला निघाले होते. छाती पुढे, आवाज चढा. प्रेवाल्स्की रानघोड्यांच्या कळपाचा अभ्यास करणाऱ्यांना तर कायमचा एकच म्होरक्या सापडला नाही. कधी हा पुढे निघतो, कधी ती. आणि चेहऱ्याचं म्हणाल तर, ससेक्स विद्यापीठाच्या २०१६ सालच्या प्रयोगात रागावलेल्या माणसाचा नुसता फोटो बघून घोड्यांच्या काळजाचे ठोके वाढले होते. माझा तर चेहरा जिवंत, तोही दातओठ खाणारा.

मग बाजूला झाले, श्वास सोडला. ताण धरला, थांबले. बराच वेळ काही नाही. तिनं उजवा पाय उचलला आणि मी दोर सोडला, जवळजवळ टाकलाच. तिनं कान माझ्याकडे वळवला, ओठ चाटले. पुन्हा ताण, पुन्हा एक पाऊल. वीसेक पावलांना पाऊण तास. ताडपत्री हुंगून ती फुरफुरली आणि पुढे चालू लागली.

मी विजयी मुद्रेनं मामांना शोधलं, तर ते तोबरा घेऊन केव्हाच आत गेले होते.

परतताना तीच ताडपत्री दुसऱ्या बाजूला आली. घोडी थबकली. मान ताठ, कान टवकारलेले.