दोरीची नोंदवही: आठवडा ९ ते १५

आठवडा ९. लाँग रन २४ किमी, सरासरी पेस ५:५५ (एका किलोमीटरला ५ मिनिटं ५५ सेकंद). निधी उद्दिष्टाच्या २१ टक्के.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: जखमी माजी सैनिकांसाठी निधी गोळा करत धावायचं हे माझं तिसरं वर्ष. आधीच्या दोन्ही मॅरेथॉन एकट्याने धावलो. या वेळी एका माजी सैनिकाचा गाईड रनर, म्हणजे दोरी धरून, वाट सांगत सोबत धावणारा आहे. सुरुंगाच्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली. मी त्यांना दादा म्हणतो, इथेही तेच लिहीन.

माझ्या उजव्या हातात आणि त्यांच्या डाव्या हातात मिळून एक वीतभर दोरी. टोकांना सैल कड्या, बोटांत धरण्यापुरत्या. मनगटाला घट्ट बांधली तर एक पडला की दुसराही पडणारच. आतले दोन हात एकत्र हलायला हवेत, म्हणजे ते पुढे गेले की दोघांचे बाहेरचे पाय पुढे. हे जमायला मला पाच रन लागले. दादांना एकही नाही. ते माझ्याआधी दोघांबरोबर धावलेले आहेत.

खरी तालीम पायांची नाहीच, तोंडाची आहे. पहिल्या दिवशी मी ओरडलो, "सांभाळून!" दादा जागीच थांबले. म्हणाले, "सांभाळून म्हणजे काय करू? उडी मारू, वळू की थांबू?" तेव्हापासून तो शब्द बंद. आता बोलायचं ते असं: "दहा पावलांवर चढ... तीन, दोन, एक, चढ." "डावीकडे अर्धं पाऊल." "समोर माणसं, माझ्या मागे या." मीटर सांगून उपयोग नाही, पावलं सांगायची. वळणाचा कोनही सांगावा लागतो, नुसतं "उजवीकडे" म्हटलं तर माणूस काटकोनात वळतो.

आठवडा १०. चार रन, एकूण ५१ किमी. निधी २४ टक्के.

धावण्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. निधीसाठीच्या आवाहनाच्या मजकुराबद्दल मात्र आहे.

मी मोठ्या हौसेने लिहिलं होतं. काळोख, धैर्य, झुंज, सगळं होतं त्यात. दादांचा फोन मजकूर वाचून दाखवतो. त्या सपाट यांत्रिक आवाजात आपलंच लेखन ऐकणं ही वेगळीच शिक्षा. शेवटपर्यंत ऐकून दादा म्हणाले, "छान आहे. फक्त मी गेलो कधी, तेवढी तारीख राहिलीय."

त्यांचा दुसरा आक्षेप जास्त नेमका होता. वाचणाऱ्याला वाटतं पैसे दादांसाठी आहेत. ते तर माझ्यासारखेच गोळा करणारे! निधी जातो तो पाय गमावलेल्यांना धावण्याचं पातं आणि पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांना शर्यतीची व्हीलचेअर मिळावी म्हणून. मग त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं. त्यातला थोडा भाग इथे देतो, कारण निधी गोळा करायचा तर असं आवाहन तुम्हालाही लिहावं लागेल.

रोजच्या वापराचा कृत्रिम पाय चालण्यासाठी असतो. धावायचं तर कार्बन फायबरचं वाकडं पातं लागतं. ते भाराने दबतं आणि उसळताना त्यातली बरीच ऊर्जा परत देतं. त्याला टाच नसते, त्यामुळे त्यावर स्वस्थ उभं राहणं कठीण. म्हणजे एक पाय चालायला, दुसरा धावायला. पण सगळ्यात नाजूक भाग पातं नसून सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी. शस्त्रक्रियेनंतरच्या काही महिन्यांत तो पाय आक्रसत जातो, वाटी सैल होते, आत घाम साचतो, कातडी सोलवटते. मग नवी वाटी. देणगीदार विचारतात, "एकदा पाय दिला ना?" तर एकदा देऊन भागत नाही.

शर्यतीची व्हीलचेअर तीन चाकी, लांब नाकाची, बसणाऱ्याच्या मापाने केलेली. तिच्या वेगाबद्दल शंका असेल तर मार्सेल हुग या स्विस व्हीलचेअरपटूची मॅरेथॉनची वेळ पाहा: २०२१, जपानमधलं ओइता, १ तास १७ मिनिटं ४७ सेकंद. पायांवर धावणारा कुणीही त्याच्या आसपास नाही.

दादांनी मजकुरात तीन उल्लेख आग्रहाने घालायला लावले. डॉक्टर लुडविग गुटमन यांनी २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, इंग्लंडमधल्या स्टोक मँडविल रुग्णालयात १६ जखमी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. त्या १६ जणांत स्त्रियाही होत्या. पॅरालिंपिकचं मूळ तिथे आहे. दुसरे युजीन रॉबर्ट्स. व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय गमावलेल्या या सैनिकाने १९७० साली साध्या व्हीलचेअरवर बोस्टन मॅरेथॉन सुमारे सात तासांत पुरी केली. आणि तिसरे आपले मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक. "यातल्या कुणाची कीव येते का बघ," दादा म्हणाले.

नवा मजकूर माझ्या मजकुराच्या निम्मा आहे.

आठवडा १२. लाँग रन ३० किमी ठरलेला, झाला २७. निधी ४३ टक्के.

(अकराव्या आठवड्यात सर्दी. दोन छोटे रन, बाकी झोप.)

ही नोंद लिहायला टाळाटाळ करत होतो. दादांना चार तासांच्या आत यायचंय, म्हणजे ५:४० चा पेस. माझी आजवरची सर्वोत्तम वेळ ४ तास १२ मिनिटं. हा हिशेब पहिल्या दिवसापासून समोर होता, मी त्याच्याकडे काणाडोळा केला. गाईडला धावणाऱ्यापेक्षा हातभर जास्त दम हवा, कारण त्याला धावता धावता बोलायचं असतं. ५:४० ला मी धावू शकतो. ५:४० ला दोन तास बोलूही शकतो. त्यापुढे नाही.

२६ व्या किलोमीटरला मी गप्प झालो. पाय चालू होते, तोंड बंद पडलं. ताकदीसाठीचा एनर्जी जेल घ्यायचाही विसरलो होतो, एरवी दर ४० मिनिटांनी घेतो. पुढे गतिरोधक होता. मला दिसला, पण शब्द बाहेर पडेपर्यंत दादा त्यावर अडखळून गुडघ्यावर आले. दोरी सैल होती म्हणून मी सावरलो. खरचटण्यावर निभावलं. उरलेला एक किलोमीटर आम्ही चालत परतलो.

परतताना त्यांनीच विषय काढला. "दोन गाईड घेऊ. पहिला अर्धा तुझा, दुसरा अर्धा दुसऱ्याचा." आयोजकांना लेखी विचारलं. परवानगी आहे, फक्त दोघांची नोंद आधी हवी.

आठवडा १३. लाँग रन २१ किमी, ५:३८. बोलत. निधी ४३ टक्केच.

आता खरी गोची. माझ्या देणगीदारांपैकी ४१ जणांनी किलोमीटरमागे रक्कम कबूल केली आहे, आणि कबूल केली आहे माझ्या नावावर. मी निम्मं अंतर धावलो तर निधी निम्मा?

दोन दिवस मी पेचात होतो. एकदा असंही वाटलं, की दादांबरोबर अर्धं झालं की उरलेलं मागून एकट्याने रखडत पुरं करावं, म्हणजे मॅरेथॉनचा ४२.१९५ किमीचा आकडा तरी भरेल. दादांना सांगितलं तर हसायला लागले. "अरे, पूर्ण अंतर तर मी धावणारच आहे. माझे किलोमीटर मोज ना." इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, याचं कारण मला माहीत आहे, आणि ते फारसं भूषणावह नाही.

४१ जणांना पत्र गेलं: मी किती धावणार, का, आणि किलोमीटर आता कुणाचे मोजायचे. ३६ जणांचा होकार आला, त्यातल्या सात जणांनी किलोमीटरचा हिशेब सोडून ठोक रक्कम भरून टाकली. चौघांचं उत्तर नाही. एकाने कळवलं, की तू पूर्ण धावशील त्या वर्षी देईन. त्यांचा हक्क आहे.

नव्याने निधी गोळा करणाऱ्यांनो, किलोमीटरमागे रक्कम मागूच नका. तुमच्या नडगीत हेअरलाइन फ्रॅक्चर निघालं तर एखाद्याची सॉकेट अडते, हा कुठला न्याय? पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या, स्वतःच्या खात्यातून फिरवू नका. नोंदणी शुल्क आणि बूट आपल्या खिशातून.

आठवडा १५. लाँग रन ३२ किमी (माझे १६). निधी ७१ टक्के.

दुसरी गाईड मिळाली. ती माझ्याहून बरीच वेगवान आहे आणि न थकता बोलते. दादांची एकच तक्रार, ती रस्त्याकडेच्या झाडांचीही माहिती देते.

या आठवड्यात न थांबता गाईड बदलण्याचा सराव केला. ती दादांच्या उजव्या बाजूने येते, पन्नास पावलं आम्ही तिघं ओळीत धावतो. ती तिची दोरी त्यांच्या उजव्या हातात देते, "धरली" असं दादा म्हणाले की मगच मी माझी सोडतो. पहिल्या तीन वेळा दोरी खाली पडली. चौथ्यांदा मी लवकर सोडली आणि दादा क्षणभर दोघांपैकी कुणाचेच नव्हते. ते मात्र सरळ रेषेत धावत राहिले. पाचवा, सहावा बदल नीट झाला.

पुढच्या आठवड्यापासून टेपर, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी करत नेणं. एक अडचण उरली आहे: बदलाच्या जागी पाणी देण्याचं टेबल आहे आणि तिथे गर्दी उसळते. बदल २० व्या किलोमीटरला उरकावा की २२ पर्यंत मी दम धरावा? दादांचं मत २०. माझं २२. तिला अजून विचारलेलं नाही.