शिस्त

१९८४ साली मी आठवीत आलो आणि त्याच वर्षी, आता सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या आपल्या शाळेत एनसीसी, म्हणजे राष्ट्रीय छात्रसेना, सुरू झाली. नाव नोंदवायला पालकांची सही लागत होती. बाबा तयार होते, पण आईने तो कागद हातातही घेतला नाही. "बंदुकीचं नाव या घरात पुन्हा काढाचं नाही," एवढंच म्हणाली आणि चुलीपुढे जाऊन बसली.

तिचं चुकत नव्हतं. आमचं वावर वर्धा जिल्ह्यातल्या बोरच्या जंगलाला लागून. रानडुकरं एका रात्रीत ज्वारीचा अर्धा एकर आडवा करायची, रोही म्हणजे नीलगाई तुरीचे शेंडे खाऊन जायचे. म्हणून आबाजींकडे, माझ्या आजोबांकडे, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची भरमार बंदूक होती. ठासणीच्या बंदुकीची एक खोड असते. दारू, चिंध्या आणि छर्रे नळीत ठासून बसवले की ते सहज काढता येत नाहीत, बारच काढावा लागतो. जागलीला जाताना आबाजी बंदूक भरून न्यायचे. जनावर आलं नाही तर बार वाया कशाला घालवायचा म्हणून ती तशीच घरी यायची. फक्त वरची टोपी, म्हणजे दारूला ठिणगी देणारी तांब्याची टिकली, काढलेली असायची. मग ती माजघरातल्या खुंटीवर लटकायची आणि आम्हा पोरांना एकच ताकीद मिळायची: "हात लावला त हात तोडीन."

१९८२ च्या दिवाळीत माझा चुलतभाऊ बारा वर्षांचा होता, मी अकराचा. आमच्या टिकल्यांच्या पिस्तुलातल्या टिकल्या संपल्या होत्या. आबाजींच्या चंचीजवळच्या डबीत तांब्याच्या टोप्या होत्या, त्या आम्हाला टिकल्यांसारख्याच वाटल्या. स्टुलावर चढून बंदूक मीच काढली. टोपी त्याने बसवली. बार झाला आणि छर्रे कुडाच्या भिंतीतून पलीकडे गोठ्यात गेले. कपिलेचं दीड महिन्याचं वासरू जागच्या जागी पडलं. आई थोड्याच वेळापूर्वी तिथे बसून धार काढत होती. दुसऱ्या दिवशी गायगोधन होतं. सगळ्या गावच्या गाई रंगवून, झुली घालून निघाल्या, आमची कपिला तेवढी दाव्याला हंबरत राहिली. चुलतभावाचा उजवा कान त्या दिवसापासून अधू आहे. आबाजींनी आम्हाला मारलं नाही, कोणी काही बोललंही नाही. बंदूक पुन्हा त्याच खुंटीवर गेली, फक्त खुंटी हातभर वर ठोकली.

एनसीसीचे सर आमच्या घरी आले ते हे सगळं ऐकून. ओसरीवर बसले, चहा घेतला आणि आईला म्हणाले, "वहिनी, बंदूक तुमच्या घरात आहेच. पोराले ते ठाऊक आहे. ते रिकामी आहे का नाही, हे कसं पाहाचं ते कोणी शिकवलं त्याले?" आई बराच वेळ गप्प होती. मग तिने सही केली. तिची सही म्हणजे पूर्ण नाव, एकेक अक्षर जोडून लिहिलेलं.

शाळेतही विरोध होताच. आपला जिल्हा सेवाग्रामचा, मुख्याध्यापक खादी वापरणारे, तासाला तकलीवर सूत काढायला लावणारे. पोरांच्या हातात बंदूक का द्यायची, हा त्यांचा प्रश्न खराच होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. पण फायरिंगच्या दिवशी ते स्वतः आमच्याबरोबर आले आणि उन्हात उभे राहिले.

त्या दिवसाआधी सहा महिने आम्ही नुसत्या कवायतीच्या, निकामी केलेल्या रायफली हाताळल्या. हुकूम हिंदीत, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेला "खाली कर", म्हणजे रिकामी कर. रायफल हातात आली की आधी बोल्ट उघडून आत पाहायचं, मग देणाऱ्याला दाखवायचं. ती निकामी आहे हे शंभरदा माहीत असलं तरी पाहायचं. नळीचं तोंड माणसाकडे गेलं की पूर्ण ट्रूपला मैदानाची फेरी. कोणाची चूक झाली हे कोणी विचारत नसे.

रेंजवर पॉइंट टू टू रायफल मिळाली. पंचवीस यार्डांवर निशाण, मागे मातीचा उंच बांध, प्रत्येकी पाच राउंड. सर म्हणाले होते की करंगळीच्या पेराएवढी ही गोळी वाऱ्यावर सुटली तर दीड किलोमीटर जाते. म्हणजे आपल्या शाळेच्या फाटकातून सुटलेली नदीपलीकडच्या टोलीत. पोटावर पडून दस्ता खांद्याला लावला आणि हवालदारसाहेब ओरडले, "शिस्त लो!" आम्हाला शिस्त म्हणजे गप्प बसणं आणि रांगेत चालणं एवढंच ठाऊक. दोघातिघांनी पडल्या पडल्या कॉलरची बटणं लावली. साहेब हसले नाहीत. जवळ बसून म्हणाले, शिस्त म्हणजे नेम. डोळा, मागची फट, पुढचं टोक आणि निशाण एका ओळीत आणणं. आपल्या जुन्या मराठीतही या शब्दाला तो अर्थ होता, हे मला फार पुढे कळलं. पण माझ्यासाठी तो शब्द त्या दिवशीच बदलला.

फायरिंग झाल्यावर खोखे, म्हणजे सुटलेल्या गोळ्यांची कवचं, मोजले. एक कमी निघाला. रिकामा, पितळेचा, फुटाण्याएवढ्या जाडीचा. आम्हाला वाटलं, सोडून देतील. पण गाडी थांबवली आणि सगळे गवतात गुडघ्यांवर बसले. मुख्याध्यापकही धोतर सावरून खाली बसले. दिवस बुडायच्या बेतात तो एका पोराच्या मोज्याच्या दुमडीत सापडला. मग प्रत्येकाने हात पुढे करून सांगितलं की माझ्याजवळ राउंड नाही, खोखा नाही. मला घरची डबी आठवत होती. त्यात टोप्या किती, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं.

त्या रात्री जेवताना मी आबाजींना म्हटलं, "आबाजी, घरी आणाच्या आधी धुऱ्यावर बार काढत जा." चौदा वर्षांच्या पोराने असं बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. त्यांनी मान वर केली नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे धुऱ्याकडून बार ऐकू आला आणि टोप्यांची डबी पेटीत गेली. पेटीची किल्ली आजीच्या कमरेला.

शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीच्या परवान्याला एकवीस वर्षं पूर्ण व्हावी लागतात आणि ते योग्यच आहे. पण घरातल्या खुंटीकडे पोरगं पाचव्या वर्षापासून पाहत असतं. पोरांना बंदुकीपासून लांब ठेवा म्हणणाऱ्यांचं मला पटतं ते इतकंच की ती त्यांच्या हाती एकट्याने लागू नये. तिच्याबद्दल बोलूच नये, हे पटत नाही. आमच्या घरात तेच झालं होतं. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, कार्बाइड आणि पाण्याचा वायू पेटवून बार काढणाऱ्या पाईपबंदुकीने कितीतरी लेकरांचे डोळे जखमी झाले. तीच पाईप आपल्याकडे वानरं हाकलायला वावरात पडलेली असते आणि तिला आपण बंदूक मानतही नाही. १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीचं ब्राँझ घेतलं तेव्हा माझी नात मोबाईल घेऊन धावत आली, "आबा, मले शिकता येईन का?" मी हो म्हटलं, पण तिला कुठे पाठवू?

कारण आपल्या शाळेतलं एनसीसी सर निवृत्त झाल्यावर बंद पडलं, ते पडलंच. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने माझी कळकळीची विनंती आहे की ते पुन्हा सुरू करावं. त्याला वेळ लागणार असेल तर निदान दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी एक तास पाचवी-सहावीच्या मुलांना द्यावा. मी येईन. पाईप आणीन, टिकल्या आणीन, कपिलेच्या वासराची गोष्ट सांगेन.

आबाजी गेल्यावर बंदूक जमा करायला मी आणि आजी ठाण्यात गेलो. जमादारांनी विचारलं, भरलेली आहे का. मी नळीत गज सोडला, तो तळाला टेकल्यावर तोंडाशी बोट धरलं, मग बाहेर काढून नळीला लावून दाखवला. गज पूर्ण आत गेला होता. आजीने कमरेची किल्ली काढून डबी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "अकरा हायेत. मोजून घ्या."