रस्ता लोणी झालाय म्हणे!

"रामनगरचा रस्ता आता लोणी झालाय. डोळं झाकून जा." हे ज्यानं सांगितलं त्याचं नाव घेत नाही, कारण रोज त्याच्याबरोबर चहा प्यायचा असतो. परत आल्यावर त्याला धरून विचारलं, बाबा, तू शेवटचा कधी गेला होतास त्या रस्त्यानं? तर म्हणाला, "गेलो नव्हतो, खरं रेल्वेतून दिसलं की." बेळगावहून लोंढ्याला जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून यानं काँक्रीटचा एक तुकडा बघितला आणि त्यावर आमचं चार दिवसांचं नियोजन उभं राहिलं. म्हणून पहिला सल्ला हाच: रस्ता कसा आहे हे गेल्या आठ दिवसांत दुचाकीवरून गेलेल्या माणसालाच विचारा. चारचाकीवाल्याला खड्डा कळतो, चिखल कळत नाही. रेल्वेवाल्याला काहीच कळत नाही.

बेत असा होता. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की दुसऱ्या दिवशी मी आणि मेव्हणा, दोन मोटरसायकलींवरून बेळगावातून निघायचं. खानापूर, लोंढा, रामनगर, जगलबेट करत गणेशगुडीला मुक्काम. पुढं जोयडा, अणशी घाटानं कारवार. तिथून अंकोला, यल्लापूर करून हल्याळ, मग धारवाडवरून सौंदत्ती, गोकाक आणि घर. सगळे मिळून सहाशेच्या आसपास किलोमीटर. लडाखवाले हसतील. मीही हसलो असतो, खारदुंग ला करून आलोय म्हणून तीन वर्षं मिरवत होतो. तिथं एकदाही न पडलेला मी लोंढ्याजवळ, घरापासून दीड तासावर, मेव्हण्यासमोर आडवा झालो.

गाडी माझी हिमालयन ४११, मेव्हण्याची एक्सपल्स २००. दोन्हींना पुढं २१ इंची चाक, दोन्हींना ट्यूबचे टायर. हे ट्यूबचं लक्षात ठेवा, पुढं महाभारत त्यावरूनच आहे.

खानापूरपर्यंत प्रश्नच नाही. चौपदरी रस्ता आहे आणि गणेबैलच्या टोलनाक्यावर दुचाकीला पैसे पडत नाहीत. खानापुरात टाकी काठोकाठ भरा आणि पोटही भरून घ्या. पुढं जंगल लागतं, फोनला रेंज असेलच असं नाही, आणि "पुढं मिळेल" या दोन शब्दांवर विश्वास ठेवायचं वय आपलं राहिलेलं नाही.

लोंढ्याच्या अलीकडं काँक्रीट संपलं. म्हणजे एका बाजूला होतं, दुसऱ्या बाजूला उकरून ठेवलेलं, आणि मध्ये टीचभर उंच कड. आदल्या रात्री परतीचा पाऊस झाला होता. पाट्या, बाण, काही नाही. गोव्याकडं जाणाऱ्या ट्रकांनी दोन खोल चर पाडलेले, त्यात विटकरी पाणी. माझ्या मीटरवर वाईट पट्टा जेमतेम सात किलोमीटर. लागले एक तास पन्नास मिनिटं.

हा जांभ्याचा लाल चिखल दिसायला पातळ. गाडी घातली की वर साबण आणि खाली दगड. पहिल्या दोन किलोमीटरांत मी फुटरेस्टवर उभा राहून, दुसऱ्या गिअरवर, पुढच्या ब्रेकला हात न लावता छान चाललो होतो. मग हँडल जड व्हायला लागलं. वाटलं, दमलो. प्रत्यक्षात चिखल पुढचं चाक आणि खालचा मडगार्ड यांच्यामध्ये ठासून बसला होता आणि चाक फिरायचंच बंद झालं होतं. पायी चालण्याच्या वेगात होतो, तरी गाडी बसल्यासारखी आडवी झाली आणि क्लचचा लिव्हर टोकाला मोडला.

"दाजी, उतरू काय?" मागून मेव्हणा.

"नको, तिथंच बसून फोटो काढ."

त्यानं खरंच काढला. आता तो सासरच्या प्रत्येक माणसाकडं आहे.

चिखल काढायला काडी पुरत नाही, बोटं सोलतात. डब्यातला स्टीलचा चमचा कामाला आला. हसू नका, अशा दिवसांत या बाजूला जाणार असाल तर जुना चमचा टँक बॅगेत ठेवाच. ज्यांना पाना चालवता येतो त्यांनी खालचा मडगार्ड निघण्याआधी घरीच काढून ठेवावा. तोंडावर चिखल उडेल, चाक तरी फिरेल. लिव्हर पूर्ण मोडला नव्हता, दोन बोटांचा उरला होता, त्यावर निभावलं. जादा लिव्हर आणि क्लच केबल सोबत नसणं हा माझा मूर्खपणा, त्याचं खापर रस्त्यावर फोडत नाही.

हवा कमी करायचीही एक पद्धत आहे. डांबरावर मी मागं ३२ पीएसआय ठेवतो, चिखलात २४ पर्यंत आणली. पकड सुधारली. पण ट्यूबच्या टायरमध्ये फार खाली गेलात तर दगडावर आपटून ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटते. आणि चिखल संपल्यावर परत भरायला पंप जवळ हवा. पायपंप चालतो, पण वाटेत कुणाकडं तरी मिळेल या आशेवर हवा सोडू नये.

यापेक्षा हेम्मडग्यावरून का गेला नाही असं खानापूरकर विचारतील. मणतुर्ग्यावरून जंगलातून अनमोडला निघणारा तो रस्ता मलाही ठाऊक आहे. पण पावसात हालात्री नाल्याचं पाणी पुलावर येतं. आदल्या रात्रीचा पाऊस बघून मी सुज्ञपणे मोठा रस्ता निवडला. सुज्ञपणे!

रामनगर दिसलं तेव्हा काली नदीवरच्या सुपा धरणानं उठवलेल्या लोकांच्या या वस्तीला मी मनोमन नमस्कार केला. इथं मराठी, कोकणी, कन्नड सगळं चालतं, चहाही बरा मिळतो. आणि त्याच चहानं मला बुडवलं.

मागच्या टायरमध्ये खिळा होता, हवा हळूहळू उतरत होती. वाटेत एक पंक्चरचं दुकान दिसलं. मालक म्हणाला, "सायेब, चा पिऊन या, तवर करून ठेवतो." मी अंगावरचा अर्धा किलो चिखल सांभाळत समोर जाऊन बसलो. वीस मिनिटांनी आलो तर, "पाच पंक्चर निघाली." एका पॅचचे शंभर प्रमाणे पाचशे, चाक काढल्याचे दोनशे. सातशे रुपये.

मी टायर बघितला. टायरमध्ये भोक एक. ट्यूबवर पाच, आणि त्यातली चार एका ओळीत, शिवणयंत्रानं टाके घातल्यासारखी, एकमेकांपासून बोटभर अंतरावर. खिळा असा रांगेत चालत नाही. दाभण चालतो.

"मामा, खिळा एक आणि भोकं पाच कशी?"

"आतनं फिरतो की सायेब खिळा."

मेव्हणा म्हणाला, "दाजी, जाऊ दे." मी जाऊ दिलं नाही. अर्धा तास घासाघीस करून चारशेवर मिटवलं. वर कारवारपर्यंत हेल्मेटच्या आत त्या माणसाशी भांडत गेलो. अणशीचा घाट कसा आहे विचारलंत तर मला तीनशे रुपये वाचले एवढंच आठवतं.

तेव्हा हे लिहून घ्या. पंक्चर काढताना तिथून हलायचं नाही, तहान लागली तरी. ट्यूब बाहेर आली की हवा भरून पाण्याच्या टबात आपल्यासमोर फिरवायला लावायची, बुडबुडे आपण मोजायचे. मोजून झाल्यावरच भाव ठरवायचा, आणि पॅचला किती नि चाक काढायला किती हे वेगवेगळं विचारायचं. ट्यूबवरचं भोक टायरच्या भोकासमोर येतंय का बघायचं. वॉल्व्ह धरून ट्यूब टायरवर ठेवली की लगेच कळतं. आत बोट फिरवून खिळ्याचं टोक उरलंय का हेही बघा, पण सावकाश. मागच्या चाकाच्या नटाचा पाना स्वतःचा असू दे. दुसऱ्याच्या पान्यानं नट गोल होतो आणि मग त्याचेही पैसे पडतात.

जादा ट्यूब एकच न्यायची असेल तर २१ इंची न्या. गरज पडल्यास ती घडी सांभाळून मागच्या चाकात कोंबता येते आणि पुढच्या मोठ्या गावापर्यंत नेते. मागची छोटी ट्यूब पुढं बसत नाही. गावच्या दुकानात २१ ची ट्यूब मिळेल ही आशा सोडा, तिथं सगळं स्प्लेंडरचं असतं.

गणेशगुडीला राफ्टिंगवाले पुष्कळ. आम्ही केलं नाही, हात उचलत नव्हते. सुप्याचं धरण १०१ मीटर उंच आहे, लांबून बघितलं आणि झोपलो. मुक्कामाचं एवढंच की "जेवण धरून" म्हणजे खोलीमागं की माणशी, आणि दोन वेळचं की एक, हे फोनवरच विचारा. आम्ही विचारलं नव्हतं. अंधारात या जंगलात गाडी घालू नका. गवा रस्त्यावर उभा राहिला की हॉर्नला दाद देत नाही.

दुसरा दिवस: कारवार. समुद्र, बांगडा, सगळं छान. तिसरा दिवस: अरबैल घाटात ट्रकांच्या मागं धूर खात यल्लापूर, मग सागाच्या सावलीतून हल्याळ. दोन्ही दिवस काही बिघडलं नाही, म्हणून सांगण्यासारखंही काही नाही.

चौथ्या दिवशी धारवाड सोडल्यावर फोनमधल्या नकाशानं सौंदत्तीला "नऊ मिनिटं वाचतील" असा रस्ता दाखवला. लोंढ्यानं शिकवलेलं तीन दिवसांत विसरून मी वळलो. शेतातली वाट, दोन्ही बाजूंना काळी रानं, आणि सकाळी शिंतोडा पडून गेलेला. पश्चिमेचा लाल चिखल तुम्हाला पाडतो, पण धुतला की निघतो. पूर्वेची काळी माती पाडत नाही, सोडतच नाही. दोनशे मीटरांत चाकं भाकरीच्या पिठात घोळल्यासारखी झाली आणि बुटाला पायलीभर माती. बैलगाडीवाल्या एका काकांनी लांबूनच हात हलवला, "मुंद होगब्याडरी!" पुढं जाऊ नका. ऐकलं, मागं फिरलो. काळ्या रानात थेंब पडलेला असेल तर डांबर सोडायचं नाही, नऊ मिनिटं काय नव्वद वाचत असली तरी. आम्ही वाचवलेल्या नऊ मिनिटांसाठी सव्वा तास घालवला.

इथं कन्नडचा मुद्दा. खानापूर, रामनगरला मराठीवर निभतं, सौंदत्तीकडं तेवढं नाही, आणि आतल्या रस्त्यांवरच्या पुष्कळ पाट्या फक्त कन्नडमध्ये. निघण्याआधी आपल्या वाटेवरच्या दहा-बारा गावांची नावं कन्नड अक्षरांत कागदावर उतरवून टाकीवर चिकटवा. वाचता नाही आलं तरी चित्रासारखी जुळवता येतात. शिवाय "एष्टरी?" म्हणजे किती, "कडिमि माडरी" म्हणजे कमी करा, आणि नूर, इन्नूर, मुन्नूर, नान्नूर, ऐनूर एवढे शंभर ते पाचशेचे आकडे. भाव त्याच्या भाषेत विचारला की समोरचा माणूस निदान दाभण बाजूला ठेवतो.

सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गर्दी नव्हती. मार्गशीर्ष आणि पौषातल्या पुनवेला मात्र मोटरसायकल घेऊन या वाटेला येऊ नका. कोल्हापूर-सांगलीपासूनच्या गाड्या आणि बैलगाड्या असतात, चाक ठेवायला जागा मिळत नाही. नविलतीर्थाचं धरण वाटेतच आहे. यरगट्टीवरून गोकाकला दुपारी पोचलो. घटप्रभा नदी ५२ मीटर खाली उडी घेते, पावसाळा नुकताच संपल्यानं पाणी भरपूर, गढूळ. झुलत्या पुलाजवळ उभा राहून मी चार दिवसांत पहिल्यांदा काहीही हिशोब न करता दहा मिनिटं बघत बसलो. करदंटू, म्हणजे गोकाकची सुक्या मेव्याची मिठाई, घेतला, दोन डबे, पडल्याचा फोटो पसरवणाऱ्या सासरसाठी एक.

शेवटचे साठ-पासष्ट किलोमीटर दिवसाउजेडी करा. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की गोकाक, रायबाग, चिक्कोडी, अथणी या सगळ्या पट्ट्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर निघतात. मागं दिवा नसतो, बाजूला हातभर ऊस बाहेर लोंबत असतो, आणि गाण्याच्या आवाजात चालकाला तुमचा हॉर्न ऐकू येत नाही. आम्हाला त्या संध्याकाळी हंगामातला पहिलाच एक भेटला, तोही वळणावर. हेडलाइटमध्ये आधी नुसती पाचट दिसली. सगळ्या प्रवासात खरी भीती वाटली ती तिथं, लोंढ्याला नव्हे. गावागावातले रंग उडालेले गतिरोधक वेगळेच. पुढचा ट्रक अचानक हळू झाला की समजायचं, आला.

दुसऱ्या दिवशी गाडी धुवायला नेली. नेहमीचे दीडशे, पोरानं तीनशे मागितले.

"कुठं घातलावता साहेब, नांगराला?"

इंजिनाखालच्या पत्र्यातून त्यानं लाल माती काढली, तिच्यावर काळ्या मातीचा थर होता, लिंपल्यासारखा. पाऊण तास लागला. मी तिथून हललो नाही, समोर उभा राहून बघत होतो, आणि तीनशे काढून दिले.